गप्प बसण्याचे मार्क

आमच्या काकांना फोन लावला की पलीकडून 'हॅलो' यायचं नाही. रिंग थांबायची, म्हणजे फोन उचललाय एवढं कळायचं, आणि मग नुसती शांतता. आपण चार वेळा 'हॅलो, हॅलो' करायचं, शेवटी वैतागून 'अहो काका, आहात ना?' असं विचारायचं, की मग ते म्हणायचे, "आहे की. तुम्ही फोन केलाय, तुम्ही बोला." आता यात चुकीचं काय आहे सांगा. काहीच नाही. पण डोकं फिरतं की नाही माणसाचं?

काका म्हणजे माझे सख्खे काका नव्हेत. मी अंधेरी पूर्वेला चकाल्यात एका मेडिक्लेमच्या हेल्पलाइनवर काम करते, मराठी डेस्कला. तुमचा क्लेम अडकतो, हॉस्पिटल कार्ड घेत नाही, मग तुम्ही आम्हाला फोन करून झापता आणि आम्ही म्हणतो, 'गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.' दिवसाला किती वेळा म्हणतो ते विचारू नका. काका तिथे 'क्वालिटी'त होते. आमचे रेकॉर्ड झालेले कॉल ऐकायचे आणि मार्क द्यायचे, हे त्यांचं काम. पेपर तपासणाऱ्या मास्तरांवर पोरांचं जेवढं प्रेम असतं, तेवढंच आमचं क्वालिटीवाल्यांवर. हे तर रिटायरमेंटला आलेले, एसी लागतो म्हणून बारा महिने हाफ स्वेटर घालणारे, हेडफोन लावून डोळे मिटून बसणारे. नवीन आलेल्यांना वाटायचं, म्हातारा झोपलाय. मग संध्याकाळी मार्क हातात पडले की झोप कोणाची उडायची ते कळायचं.

आख्खा फ्लोअर एकमेकांना अरे-तुरे करायचा, पण काका सगळ्यांना 'तुम्ही' म्हणायचे, कालच लागलेल्या ट्रेनीलासुद्धा. आणि कान असे की बोलायची सोय नाही. एकदा माझ्या टेबलाशी येऊन म्हणाले, "काल दुपारनंतर तुम्ही जेवला नव्हतात."

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोणी कशाला सांगेल? 'धन्यवाद'मधला 'द' खाताय तुम्ही." एवढं बोलून शेंगदाण्याची पुडी टेबलावर ठेवून निघून गेले. मार्क मात्र कापलेच होते.

आता दोन शब्द आमच्या धंद्यातले सांगते, कारण त्यांच्याशिवाय पुढचं कळायचं नाही. पहिला, 'डेड एअर'. कॉल चालू असताना दहा सेकंदांच्या वर कोणीच बोललं नाही, तर ते डेड एअर. ते होऊ द्यायचं नाही. काही ना काही बोलत राहायचं, 'मी आपली माहिती तपासत आहे, कृपया लाइनवर राहा' वगैरे. दुसरा, 'फेटल'. अशी चूक, की बाकी कॉल कितीही झकास असला तरी मार्क शून्य. ग्राहकावर ओरडलात, फेटल. फोन आपटलात, फेटल. लांबलचक डेड एअर झालं, फेटल. वर्षात तीन फेटल झाले की कॉन्ट्रॅक्ट पुढे वाढत नाही. टाटा, बाय बाय.

ही सवय घरापर्यंत जाते हो. मी स्वतः कपाटात किल्ली शोधताना नवऱ्याला म्हणाले आहे, "मी तपासत आहे, कृपया प्रतीक्षा करा." आमच्या डेस्कवरचा मंदार घाटकोपरला मुलगी बघायला गेला होता. चहा-पोहे झाले, सगळे गप्प, कोणी बोलेना. याच्याच्याने राहवलं नाही. म्हणाला, "मी आपल्याला आणखी काही मदत करू शकतो का?" स्थळ गेलं ते गेलंच.

तर अशा आमच्या मनःस्वास्थ्याची काळजी कंपनीला वाटू लागली. आधी खुर्चीतला योगा झाला. मग हास्यक्लब झाला, तो फ्लोअरवरच्या कॉलमध्ये ऐकू जायला लागला म्हणून बंद पडला. हॉस्पिटलात माणूस सिरियस आणि मागून खो खो हसणं, वाटच लागली. मग एचआरच्या पोरीने टूम काढली, वाचनगट. दर गुरुवारी कामाच्या वेळातला अर्धा तास, 'इंद्रायणी' नावाच्या मीटिंग रूममध्ये, सगळ्यांनी मिळून एक कादंबरी वाचायची आणि चर्चा करायची. कादंबरी वाचल्याने ताण कमी होतो म्हणे. चालवणार कोण? ज्याच्या डब्याच्या पिशवीत कायम पुस्तक असतं तो. म्हणजे काका. आम्ही कपाळावर हात मारला. दिवसभर मार्क कापतो, आता गुरुवारीही कापणार.

पुस्तकं प्रत्येकाला एक एक द्यायची कंपनीची तयारी होती. काका नको म्हणाले. एकच प्रत घेतली आणि मुलुंडला त्यांच्या घराजवळच्या बाइंडरकडे नेऊन उसवून आणली. पुस्तक कसं असतं, सोळा-सोळा पानांच्या शिवलेल्या जुड्या एकमेकींना चिकटवलेल्या असतात, त्या एकेका जुडीला फर्मा म्हणतात. काकांनी सगळे फर्मे सुटे करून आणले. बाइंडर म्हणाला होता म्हणे, "साहेब, लोक माझ्याकडे बांधून घ्यायला येतात, तुम्ही सोडवून न्यायला आलात." पहिला फर्मा मंदारला. त्याने वाचला की मला, मी वाचला की वैशालीला, ती पुढच्याला. मागून दुसरा फर्मा निघालेलाच. आख्ख्या कादंबरीची अशी वरातच चालायची डेस्कवर. जो पुढे गेलाय त्याने मागच्याला काही सांगायचं नाही. आणि एकाने अडवून ठेवलं की मागचे सगळे अडकले.

यामुळे झालं काय, की एरवी हेडफोन काढून थेट घर गाठणारे आम्ही एकमेकांच्या मागे लागायला लागलो. "दे ना रे फर्मा. झाला नाही अजून? काय झालं, बरं नाही का?" मनःस्वास्थ्य, मनःस्वास्थ्य म्हणतात ते यात कुठेतरी असावं. मला काही त्यातलं कळत नाही, पण त्या दिवसांत ऑफिसला जाणं नको वाटायचं बंद झालं, हे खरं.

एकदा तर फर्मा अडकला तो माझ्याच घरी. आमच्या सासूबाई मालवणच्या. मी आंघोळीला गेले, पर्समधून फर्मा गायब. बघते तर या पलंगावर चष्मा लावून बसलेल्या. मी मागितला तर म्हणाल्या, "माजा वाचून होवंदे, मगे दितंय. त्या बायलेक घरात घेतल्यानी काय नाय, ता माका कळाक नको?" मी ऑफिसात जाऊन सांगितलं. मला वाटलं काका रागावतील. त्यांनी शांतपणे रांगेत माझ्यानंतर सासूबाईंचं नाव घातलं. तेव्हापासून त्या दर गुरुवारी मी घरी आले की विचारतात, "आज काय बोललेत ते?" आमचं दोघींचं एवढं बोलणं लग्नानंतर पहिल्यांदाच सुरू झालं.

ती कादंबरी एका बाईची होती. ही घर सोडून जाते. कितीतरी वर्षांनी एका सकाळी परत येते आणि अंगणात उभी राहते. कुठे होती, का गेली होती, काही सांगत नाही. पहिल्या गुरुवारी काकांनी विचारलं, "ती अंगणात उभी आहे. तुम्ही त्या घरातले कोण?"

आम्ही हेल्पलाइनवाले. प्रश्न आला की उत्तर तयार. एकाने सांगितलं नवरा, एकाने सांगितलं सासू. मंदार म्हणाला, मी शेजारी, खिडकीतून बघतोय. हशा झाला. काका काहीच बोलले नाहीत. आम्ही आणखी बोललो. ते शेंगदाणे सोलत बसले. बोलणं संपलं तेव्हा खोलीत अशी शांतता पसरली की मला घाम फुटला. कोणीतरी घसा साफ केला, कोणी मोबाइल उलटा केला. शेवटी मंदार म्हणाला, "काका, डेड एअर होतंय."

"होऊ द्या," काका म्हणाले. "तिकडे याचे मार्क मी कापतो. इथे देतो."

मग आमचं हेच सुरू झालं. प्रश्न एक, आणि मग थांबायचं. घाईने कोणी तोंड उघडलं की काका तळहात पुढे करायचे, "थांबा, तुमचं अजून आलेलं नाही." पहिले दोन गुरुवार हसू आवरेना. तिसऱ्या गुरुवारी त्या शांततेतून वैशाली बोलली.

वैशाली गोवंडीची. आईवडील मूळचे परभणीकडचे, वडील अंथरुणाला खिळलेले, घरात पगार तिचा एकटीचा. संध्याकाळी वस्तीतल्या विहारात पोरांचा अभ्यास घ्यायची. डेस्कवरचा सगळ्यात गोड आवाज तिचा आणि सगळ्यात कडक स्वभावही तिचाच. त्या दिवशी ती म्हणाली, "मी त्या बाईची मुलगी. मला तिला काही विचारायचंच नाहीये. ती जोवर अंगणात उभी आहे तोवर मला दारात उभं राहायचंय, एवढंच." काकांनी सोललेले शेंगदाणे तिच्यापुढे सरकवले. मला रडू आलं होतं, उगाच कशाला लपवू.

आणि इथेच सगळा घोळ झाला.

वैशालीच्या नावावर त्या वर्षात दोन फेटल आधीच होते. एकदा शिव्या देणाऱ्या गिऱ्हाइकाचा फोन तिने कापला होता, एकदा एका बाईला 'तुमचे पैसे येणारच' असं वचन देऊन बसली होती. तिसरा झाला की संपलं. आणि एका सोमवारी दिंडोशीहून एका आजोबांचा कॉल आला. बायको हॉस्पिटलात वारली होती, तिचा क्लेम. आमच्या स्क्रीनवर तपासणीचे प्रश्न असतात, ते विचारल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. वैशालीने विचारलं, "रुग्णाच्या मृत्यूची तारीख आणि वेळ सांगता का?" पलीकडे शांतता. नियम असा, की तीनदा विचारायचं, मग म्हणायचं, 'आपला आवाज येत नसल्यामुळे मी कॉल बंद करत आहे.' वैशालीने दुसऱ्यांदा विचारलंच नाही. ती गप्प बसली. गुरुवारी बसायची तशी.

सिस्टिम अशा वेळी कोणाची गय करत नाही. कॉलवर लाल खूण लागली आणि तो सरळ काकांकडे गेला.

कँटीनमध्ये मी आणि मंदारने त्यांना गाठलं. मी म्हटलं, "काका, सोडून द्या ना. तुम्हीच शिकवलंत तिला."

"मी कधी कॉल सोडलाय?"

"अहो, तिची नोकरी जाईल."

"माहीत आहे मला," ते म्हणाले, आणि डबा बंद करून उठले. संध्याकाळी मार्क आले. फेटल. मला इतका संताप आला की लिफ्टमध्ये ते शेजारी उभे होते तरी मी त्यांच्याकडे पाठ करून उभी राहिले. मंदार म्हणाला, "म्हातारा शेवटी क्वालिटीचाच." गुरुवारी वैशाली आली नाही. तिच्याकडचा फर्मा तिच्याकडेच राहिला, आणि पुढची सगळी रांग थांबली. काका 'इंद्रायणी'त एकटे शेंगदाणे घेऊन बसलेले मी काचेतून पाहिले. मीही गेले नाही आत.

दुसऱ्या दिवशी कॅलिब्रेशन होतं. म्हणजे क्वालिटीवाले, आमचा मॅनेजर आणि विमा कंपनीची माणसं एकत्र बसून निवडक फेटल कॉल ऐकतात आणि मार्क बरोबर दिलेत का ते ठरवतात. डेस्कतर्फे एकाला बसवतात, त्या वेळी माझी पाळी होती. विमा कंपनीकडून एक बाई आल्या होत्या. कडक इस्त्रीची साडी, समोर ग्रीन टी, चेहऱ्यावर 'लवकर आटपा'. काकांनी पहिलाच कॉल लावला तो वैशालीचा.

तिचा प्रश्न ऐकू आला. मग शांतता. मॅनेजरने थोडं थांबून माउस हातात घेतला, "हे सगळं रिकामंच आहे, पुढे घेऊ या."

काकांनी त्याच्या हातावर हात ठेवला. "पुढे घ्यायचं नाही."

"अहो, यात आहे काय ऐकण्यासारखं?"

"ऐका."

आम्ही ऐकत बसलो. आधी वाटलं काहीच नाही. मग पंख्याची घरघर आली. शेजारच्या घरातली कुकरची शिट्टी आली. मग त्या आजोबांचा श्वास ऐकू यायला लागला, अडखळणारा. आणि त्याच्या खाली वैशालीचा, संथ. ती आहे, फोन ठेवलेला नाही, हे त्यांना कळावं म्हणून जणू. मॅनेजर चुळबुळ करत होता. त्या बाईंनी ग्रीन टीचा कप उचलला होता, तो हातातच राहिला.

मग आजोबा बोलले. "मंगळवारी. सकाळी. मी दूध आणायला गेलो होतो हो."

एवढंच. त्यानंतर वैशालीने "हं" म्हटलं. आणखी थोड्या वेळाने त्यांनी स्वतःहून तारीख सांगितली, वेळ सांगितली, बाकीच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं दिली. कॉल संपला. क्लेमचं पान पूर्ण भरलेलं होतं.

बाईंनी विचारलं, "पण ती मुलगी मध्ये काहीच का बोलली नाही?"

"बोलली असती तर त्यांना सांगता आलं नसतं," काका म्हणाले. "दूध आणायला गेलो होतो, हे त्यांनी अजून घरातही कोणाला सांगितलं नसेल."

मॅनेजर म्हणाला, "मग काका, फेटल तुम्हीच दिलाय ना?"

"मीच दिलाय. न देता सोडला असता तर हा कॉल या खोलीत आला असता का? मी एकट्याने ऐकला असता आणि विसरलो असतो. उद्या दुसऱ्या कोणाची नोकरी गेली असती." मग ते त्या बाईंकडे वळले. "चूक कोणाची या रकान्यात मी वैशालीचं नाव लिहिलेलं नाही, प्रोसेस लिहिलंय. बायको गेलेल्या माणसाला तीनदा विचारायचं आणि फोन बंद करायचा, हा नियम चुकीचा आहे. मार्क नियमाचे कापा."

बाई कपाकडे बघत होत्या. मॅनेजरने तोंड उघडलं, तर काकांनी तळहात पुढे केला, गुरुवारी आम्हाला करायचे तसाच. मी नखं खात बसले होते. वैशालीची नोकरी त्या शांततेवर टांगलेली होती.

"तो नियम मी लिहिलाय," बाई शेवटी म्हणाल्या. "फेटल मागे घ्या. मी बघते प्रश्नाचं."

वैशालीचं कॉन्ट्रॅक्ट वाढलं. मृत्यूच्या प्रश्नापुरता तीनदा विचारायचा आणि दहा सेकंदांचा, दोन्ही नियम काढून टाकले. आम्हाला वाटलं, आता ती काकांच्या पाया पडेल. कसली पडतेय. सगळ्यांसमोर त्यांच्या टेबलाशी उभी राहून म्हणाली, "काका, आधी सांगता आलं असतं ना मला? इतके दिवस मी घरी काय तोंड घेऊन जात होते, माहितीये? बाबांना सांगायची हिंमत नव्हती माझी." काकांनी हेडफोन काढले. मला वाटलं आता काहीतरी तत्त्वज्ञान सांगणार.

"सांगायला हवं होतं," ते म्हणाले. "चुकलं माझं."

वैशालीने बॅगेतून फर्मा काढून माझ्या हातात दिला, पुढच्याला दे म्हणाली, आणि तिच्या जागेवर जाऊन बसली. रांग पुन्हा सुरू झाली. पुढच्या गुरुवारी ती आली, काकांच्या समोरच्या खुर्चीत बसली, आणि त्यांच्याच पुडीतले शेंगदाणे त्यांना न विचारता खाल्ले.

काका आता रिटायर होऊन मुलुंडला असतात. वाचनगट चालू आहे, फर्मे उसवून आणायला मीच जाते, बाइंडर आता मला ओळखतो. पण मला त्यांची आठवण येते ती त्यांच्या शेवटच्या महिन्यातल्या एका दुपारची. माझ्या लाइनवर एक म्हातारा आवाज आला. पॉलिसी नंबर विचारला तर म्हणाले, "क्लेमचं काही नाही हो. क्लेम मिळाला. मला तुमच्यातली एक बाई हवी होती. नाव लक्षात नाही. त्या दिवशी बोलल्या नव्हत्या, त्या."

मी कॉल वैशालीला जोडून दिला. मग काकांकडे बघितलं. क्वालिटीवाल्यांना कोणाचाही चालू कॉल आपल्या जागेवरून ऐकता येतो, आणि काका तर ऐकण्यासाठीच जन्मलेले. मी आवाज न करता नुसते ओठ हलवून सांगितलं, दिंडोशीचे आजोबा, वैशालीच्या लाइनवर. त्यांना लगेच कळलं. त्यांनी तिच्याकडे पाहिलं. ती डोकं खाली घालून ऐकत होती, ओठ मिटलेले.

काकांनी हेडफोन काढले, वायर नीट गुंडाळली आणि माझ्याजवळ आले.

"चला, चहा घेऊ," ते म्हणाले. "तो कॉल त्या दोघांचा आहे."